कुत्र्यांना पडलेली दोन मतं

इंग्लंडमधल्या बर्न्ली गावच्या बस डेपोत क्लिफ ऑर्मरॉडबद्दल कुणी वाकडा शब्द काढल्याला सहा वर्षं झाली होती, आणि त्यानेच तो बिचारा मेटाकुटीला आला होता.

त्याआधी लोक त्याला रीतसर शिव्या घालायचे. घालण्यासारखाच माणूस होता. सोळाव्या वर्षी डेपोच्या वर्कशॉपमध्ये चिकटला आणि साठी आली तरी त्याच खड्ड्यात, त्याच बसगाड्यांच्या पोटाखाली उभा. गिअरबॉक्सच्या कामात त्याचा हात धरणारा आसपासच्या चार डेपोंत कुणी नव्हता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. पान्ह्यांच्या पेटीला कुणाला हात लावू द्यायचा नाही. दुसऱ्याने लावलेला रेडिओ जाता जाता बंद करायचा. ड्रायव्हर तक्रार घेऊन आला की आधी ड्रायव्हरलाच तपासायचा. नेव्ह पिकप नावाचा एक आडदांड ड्रायव्हर त्याला तोंडावर 'म्हातारं खेचर' म्हणायचा, आणि क्लिफ त्याला 'क्लचचा कसाई' म्हणायचा. दोघांचं छान चाललं होतं.

मग क्लिफची बायको गेली, आणि सगळे त्याच्याशी गोड वागायला लागले.

ग्लेनिस त्याच डेपोतली. बस चालवणारी इथली दुसरी बाई. दोघांची ओळखच भांडणातून झाली. तिच्या गाडीत चढावर कण्हल्यासारखा आवाज यायचा. तिने तीनदा तक्रारीचं कार्ड भरलं. तिसऱ्यांदा क्लिफने त्यावर लिहिलं, 'गाडीत दोष नाही. ड्रायव्हर बदलून पाहावा.' ती कार्ड घेऊन थेट खड्ड्याशी आली, त्याला वर बोलावलं, गाडीत बसवलं आणि मॅन्चेस्टर रोडचा चढ अकरा वेळा चढवला. अकराव्या वेळी आवाज आला. पुढच्या वसंतात त्यांनी लग्न केलं. मूलबाळ झालं नाही. एकोणतीस वर्षं दोघं रोज भांडले. खिडकी उघडी ठेवायची की बंद, बटाटे किती उकडायचे, त्याच्या भावाला नाताळात बोलवायचं की नाही, काहीही चालायचं. एखाद्या दिवशी भिंतीपलीकडे आवाज आला नाही तर शेजारीण दार वाजवून विचारायची, सगळं बरं आहे ना.

मग ग्लेनिसचं पोट फुगायला लागलं. डॉक्टर म्हणाले, गॅस. मग म्हणाले, पाळी जाण्याचं वय आहे, असं होतं. मग म्हणाले, आतडं नाजूक झालंय, पाव कमी खा. आठ महिने ती पाव कमी खात राहिली. खरं नाव कळलं तेव्हा अंडाशयाचा कॅन्सर पोटभर पसरला होता. त्यानंतर ती चौदा महिने होती.

डेपोच्या पगार-कचेरीत बेव्ह हॅलम म्हणून बाई आहे. ग्लेनिसची जिवाभावाची मैत्रीण. ग्लेनिस सप्टेंबरात गेली, आणि पुढच्या मार्चमध्ये बेव्हने 'ग्लेनिसचा दिवस' सुरू केला. हा कॅन्सर लवकर ओळखू येईल अशी तपासणी अजून कुणाला सापडलेली नाही, ती शोधणाऱ्या संशोधकांसाठी पैसे जमवायचे. मार्चचा तिसरा शुक्रवार. या कॅन्सरच्या मोहिमेचा रंग मोरपंखी; गुलाबी स्तनाच्या कॅन्सरने आधीच पटकावला होता. तर त्या दिवशी सगळ्यांनी मोरपंखी कपडे घालायचे, बसच्या आरशांना मोरपंखी फिती बांधायच्या, कॅन्टीनमध्ये घरचे केक आणून विकायचे, केकचं वजन ओळखायची पैज लावायची. नेव्हने आपले केसाळ पाय पुढे करायचे आणि लोकांनी पैसे देऊन त्यांवरच्या मेणाच्या पट्ट्या ओढायच्या. शेवटी दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक आणायचा. त्याचं एक टोक बेव्हने धरायचं, दुसरं क्लिफने. फोटो. टाळ्या.

पहिल्या वर्षी क्लिफने ते टोक धरलं, कारण बेव्ह रडत होती आणि तिला कुणीतरी समोर हवं होतं. दुसऱ्या वर्षी धरलं, कारण पहिल्या वर्षी धरलं होतं. पुढे कारणाचीही गरज उरली नाही.

आता त्याचं काय होत होतं ते मलाच सांगायला हवं, तो कधी सांगणार नाही. क्लिफ बायकोच्या मयतीला रडला नव्हता. लोकांना ते धैर्य वाटलं. त्याला स्वतःला वाटलं, येईल मागाहून. ते मागाहूनही आलं नाही. दाढेत इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल आपला वाटत नाही, तसा तो आतून बधिर होऊन गेला होता. कामावर येत होता, घरी जात होता, बटाटे उकडत होता. त्याचंही त्याला फार काही नव्हतं. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती, आणि तिची त्याला भीती वाटायची.

कॅन्टीनच्या भिंतीवर ग्लेनिसचा मोठा फोटो लावला होता. नाताळच्या जेवणातला, डोक्यावर कागदी मुकुट, तोंड उघडं. "कशी खळखळून हसतेय बघ," असं सगळे म्हणायचे. ती हसत नव्हती. दारातून वारा येत होता आणि ती नेव्हवर ओरडत होती की दार लाव. क्लिफ तिच्या शेजारीच बसला होता, त्याला पक्कं माहीत होतं. तरी सहा वर्षं बघून बघून आता त्यालाही ती हसतानाच दिसायला लागली होती. बेव्हच्या भाषणात दरवर्षी तेच यायचं: सदा हसतमुख, शेवटपर्यंत झुंजली, कधी कुरकुर केली नाही. ग्लेनिस तर श्वासागणिक कुरकुर करायची. पण आता क्लिफ घरी बसून तिचा आवाज आठवायला जायचा, तेव्हा त्याला बेव्हचं भाषण ऐकू यायचं. भांडणांचे विषय आठवायचे, तिची उत्तरं आठवायची नाहीत. भिंतीवरची गोड बाई त्याच्या बायकोला हळूहळू पुसून टाकत होती.

संशोधनाला त्याचा विरोध नव्हता. पहिल्या वर्षापासून तो बँकेतून परस्पर दर महिन्याला तिकडे पैसे पाठवत होता, कुणाला न सांगता. त्याला फक्त तो दिवस थांबायला हवा होता. फोटो उतरेल, भाषण बंद होईल, लोक पुन्हा त्याला खेचर म्हणतील, आणि मग कदाचित खरी ग्लेनिस परत येईल. पण हे बोलायचं कुणापाशी? सत्तर माणसं त्याच्यासाठी केक भाजतात आणि हा म्हणणार, नको?

सहाव्या वर्षी नोव्हेंबरात हेड ऑफिसातून कागद आला. प्रत्येक डेपोने वर्षभर कुठल्या संस्थेसाठी पैसे जमवायचे, ते यापुढे मतदानाने ठरवावं. निदान तीन नावं हवीत. मतदान गुप्त. बर्न्लीच्या डेपोला हा सरळसरळ चावटपणा वाटला. पण कागद तो कागद. अंडाशयाच्या कॅन्सरच्या खाली जागा भरायची म्हणून हेलिकॉप्टरची रुग्णवाहिका आणि बेवारस कुत्र्यांचा आश्रम अशी दोन नावं घातली. चॉकलेटच्या रिकाम्या डब्याला झाकणात भोक पाडून तो कॅन्टीनच्या काउंटरवर ठेवला.

क्लिफ मतपत्रिका घेऊन खड्ड्यात उतरला. बसच्या पोटाखाली, दिव्याच्या उजेडात, त्याने पेन्सिल काढली. कुत्र्यांचं त्याला काही नव्हतं. ग्लेनिसला तर कुत्री डोळ्यांसमोर नको असायची. पण हेलिकॉप्टरवाले बिचारे खरंच जीव वाचवतात, त्यांच्या नावावर असलं काम करणं त्याला बरं वाटेना. त्याने कुत्र्यांपुढे फुली मारली, कागदाची चार वेळा घडी घातली आणि डब्यात टाकला. काही वाटलं नाही. त्याचा हिशेब सरळ होता: लोक सहा वर्षांत कंटाळले असतील, बरेच जण हेलिकॉप्टरकडे वळतील, आणि सगळं आपोआप मिटेल.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपचा फोरमन शोएब डबा उघडून बसला. शोएब सरळ माणूस. त्याने दोनदा मोजलं आणि उभा राहिला.

"अंडाशयाच्या कॅन्सरचं संशोधन, एकाहत्तर," त्याने वाचलं. टाळ्या झाल्या. "हेलिकॉप्टर, शून्य." त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. "कुत्र्यांचा आश्रम, दोन."

क्लिफच्या तोंडात मांसाच्या पॅटिसचा घास होता, तो तसाच राहिला. एकाहत्तर. कुणीच कंटाळलं नव्हतं. आणि दोन म्हणजे काय, हे तर त्याला कळेचना.

नेव्ह पिकप उठला. "कोण आहेत हे दोघे कुत्रे?" तो म्हणाला. "हा माणूस इथे बसलाय, त्याच्या बायकोचा फोटो समोर आहे, आणि तुम्ही कुत्र्यांना मतं देता? क्लिफ, तू जेव. मी बघतो. आज ना उद्या मला नावं कळतीलच."

"गुप्त मतदान आहे, नेव्ह," शोएब म्हणाला.

"गुप्त गेलं खड्ड्यात. माणुसकी नावाची काही चीज आहे की नाही?"

"बस खाली, नेव्ह," मागून बेव्हचा आवाज आला. ती बश्या गोळा करत होती. हातातली चळत तिने काउंटरवर ठेवली. "एक माझं होतं."

कुणी हसलंसुद्धा. थट्टा वाटली. मग ती थट्टा करत नाही हे कळलं.

"तुझं?" नेव्ह म्हणाला. "अगं, हे सगळं तूच सुरू केलंस."

"हो."

"मग का?"

"दमले मी," बेव्ह म्हणाली. "दुसरं काही नाही. दमले."

सगळ्या माना क्लिफकडे वळल्या. याला केवढा धक्का बसला असेल, हे बघायला. त्या क्षणी त्याने एवढंच म्हणायचं होतं की दुसरं मत माझं. तीन शब्द. त्याने तोंडातला घास गिळला आणि पुढच्या घासावर रस्सा ओतला. लोकांनी त्याला किती लागलंय ते आपल्या मनाने ठरवून टाकलं.

आता बर्न्लीची माणसं कुणाला वाळीत टाकतात ते आरडाओरडा करून नाही. तसं केलं तर समोरच्यालाही बोलायला मिळतं. इथे चहा बंद होतो. वर्कशॉपमध्ये एका फळीवर खिळ्यांना सगळ्यांचे चहाचे मग टांगलेले असतात. दहा वाजता आणि तीन वाजता ज्याची पाळी असेल तो सगळ्यांचा चहा करतो, आणि कुणाला किती दूध, कुणाला किती साखर हे त्याला पाठ असतं. पगार-कचेरी वर्कशॉपला लागून, त्यामुळे बेव्हचा मग वीस वर्षं त्याच फळीवर. सोमवारी दहा वाजता खिळ्यांवरून बाकी सगळ्यांचे मग उतरले. बेव्हचा खिळ्यावरच राहिला. तीन वाजताही राहिला. मंगळवारीही. कुणी तिला काही बोललं नाही. गुड मॉर्निंग होतं, पावसाबद्दल दोन वाक्यं होती. चहा मात्र आला नाही. गुरुवारपासून ती घरून थर्मास आणायला लागली.

क्लिफ हे सगळं बघत होता. आपण नीच माणूस आहोत हे त्याला समजत होतं; पण समजणं म्हणजे वाटणं नव्हे. ते त्याला भिंतीवरच्या सूचनेसारखं वाचता येत होतं, एवढंच. त्याची स्वतःची चहाची पाळी बुधवारी होती. त्याने आठ चहा केले आणि बेव्हचा मग त्यानेही उतरवला नाही. शोएबने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "समजू शकतो," तो म्हणाला. क्लिफ नऊ दिवस असाच राहिला.

दहाव्या दिवशी पुन्हा बुधवार होता. विशेष काही घडलं नव्हतं. किटली उकळली, त्याने मग ओळीने मांडले आणि बेव्हचा मगही उतरवला. त्यात थोडी धूळ बसली होती. त्याने तो धुतला, चहा ओतला, दूध कमी, साखर नाही, आणि सगळ्यांसमोरून नेऊन तिच्या टेबलावर ठेवला. परत आला तेव्हा सगळे आपापला मग हातात धरून त्याच्याकडे बघत होते. नेव्हही काहीतरी निमित्त काढून तिथे येऊन बसला होता.

"दुसरं मत माझं होतं," क्लिफ म्हणाला.

शोएबने हातातला मग खाली ठेवला. "क्लिफ, तू बस जरा."

"बसायचं नाहीये. कुत्र्यांना मी मत दिलं. खड्ड्यात उभं राहून दिलं. पेन्सिलने."

"सगळ्यांनीच पेन्सिलने दिलं, राजा," शोएब हळू आवाजात म्हणाला.

"मला तो दिवस नको होता. तो फोटो नको, तो चेक नको. ग्लेनिस तशी नव्हती. ती त्या फोटोत हसत नाहीये, नेव्ह, ती तुझ्यावर ओरडतेय. तू दार उघडं टाकलं होतंस."

सहा वर्षांत क्लिफ एवढं सलग बोलला नव्हता. तो थांबला आणि त्याने वाट पाहिली. आता कुणीतरी चिडेल. नेव्ह तर नक्कीच. नेव्हच्या डोळ्यांत पाणी आलं.

"असा माणूस मी पाहिला नाही," नेव्ह म्हणाला. "तिने तुझ्या पाठीत सुरी खुपसली, आणि तू तिच्यासाठी स्वतःवर घेतोस."

"अरे, मी खरं सांगतोय."

"सांग रे, सांग. आम्ही काय दूधखुळे आहोत? ग्लेनिस म्हणायचीच, याचं काळीज लोण्याचं आहे म्हणून."

ग्लेनिस असं जन्मात म्हणाली नव्हती. क्लिफने आणखी दोनदा सांगून पाहिलं. जितकं सांगावं तितकी त्यांची मनं विरघळत गेली. शेवटी शोएबनेच निकाल लावला: क्लिफचं मन एवढं मोठं असेल, तर आपण कशाला कोतेपणा करायचा? त्या दिवशी तीन वाजता बेव्हला चहा मिळाला. सोबत दोन बिस्किटंही. आणि ही हकीकत संध्याकाळपर्यंत डेपोभर झाली: बायकोच्या मैत्रिणीला वाचवण्यासाठी क्लिफने कसा सगळा दोष अंगावर घेतला. चांगुलपणाच्या चिखलात तो आता गळ्यापर्यंत रुतला.

दुसरा मतदार कोण, याचा शोध पुढे बंद पडला. डिसेंबरात एक पोरसवदा ड्रायव्हर नोकरी सोडून गेला. तोच असणार, असं सगळ्यांनी ठरवलं.

मार्च आला. क्लिफच्या मोठ्या मनाचा मान म्हणून या वर्षी सगळं दुप्पट करायचं ठरलं होतं. पूर्ण एक बस मोरपंखी रंगाने मढवली. शेजारच्या डेपोतूनही केक आले. ग्लेनिसचा फोटो मोठा करून बसच्या मागच्या बाजूला लावला. उघडं तोंड तीन फुटांचं झालं आणि दिवसभर गावातून हसत फिरलं. भाषण या वेळी नेव्हने केलं. त्याने ते कागदावर लिहून आणलं होतं. "सदा हसतमुख," त्याने वाचलं, आणि पुढे त्याला वाचवेना.

क्लिफने मोरपंखी जर्सी घातली होती. चेकचं टोक त्याने धरलं. फोटो निघाला. टाळ्या झाल्या. मग त्याने चेक भिंतीला टेकवून ठेवला.

चार वाजता कॅन्टीन रिकामं झालं. बेव्ह सिंकपाशी उभी राहून केकचे साचे घासत होती. दुसरं मत क्लिफचंच होतं हे तिला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. "तुझं तोंड मी बघितलं होतं ना निकालाच्या वेळी," असं तिने त्याला एकदा सांगितलंही होतं. त्यावर दोघं पुढे काही बोलले नव्हते. क्लिफने टॉवेल घेतला आणि तो साचे पुसायला लागला.

"तू खरंच दमल्यामुळे मत दिलंस?" त्याने विचारलं.

बेव्हने घासलेला साचा त्याच्या हातात दिला. "गेल्या वर्षी भाषण लिहीत होते," ती म्हणाली. "'कधी कुरकुर केली नाही,' असं लिहिलं, आणि मला आठवेना की हे खरं की मीच बनवलेलं. माझी मैत्रीण, क्लिफ. तीस वर्षांची. आणि मला आठवेना."

"मलाही."

"ते कळलं मला."

"काहीतरी सांग तिचं," क्लिफ म्हणाला. "चांगलं नको. चांगलं पुष्कळ झालं. मला माहीत नसलेलं काही असेल तर ते."

बेव्हने नळ बंद केला. "आहे एक. पण तिने शपथ घातली होती."

"ती मेलीय, बेव्ह."

"हो, पण तिला काय त्याचं, ती तरीही जाब विचारेल." बेव्हने हात पुसले. "शेवटच्या जूनमधली गोष्ट. मंगळवार होता. तू कामावर गेलास आणि पाच मिनिटांत तिचा फोन आला, गाडी काढ. मी तिला मोरकमला घेऊन गेले. समुद्रावर."

क्लिफचा हात थांबला. "जूनमध्ये ती पलंगावरून उठत नव्हती."

"तुझ्यासमोर उठत नव्हती. माझा हात धरून चालली. लोण्यातली कोळंबी खाल्ली, पूर्ण डबी, आणि येताना माझ्या गाडीत सगळी ओकली. दोन तास कट्ट्यावर बसलो होतो. वारा असा होता की बोलायची सोय नाही. मी म्हटलं, क्लिफला आणायला हवं होतं गं. तर म्हणाली, 'नको. तो माझ्याकडे बघत बसतो. सकाळपासून रात्रीपर्यंत नुसता बघत बसतो. मला एक दिवस तरी कुणी न बघता बसू दे.'"

क्लिफला तो मंगळवार आठवला. शोएबकडून अर्धी रजा मागून घेऊन तो दोन वाजता निघाला होता, वाटेत कोंबडीचं सूप घेतलं होतं. बस चुकली म्हणून घरी पोचायला चार वाजले. ग्लेनिस पांघरूण घेऊन पडली होती. गाल लाल होते, त्याला ताप वाटला. तिने डोळे किलकिले केले आणि सांगितलं की दिवसभर झोपून होते, अंगात त्राणच नाही. त्याने तिला चमच्या-चमच्याने सूप भरवलं होतं. तिने दोन चमचे घेऊन तोंड फिरवलं, आणि तो रात्रभर जागा राहून तिच्याकडे बघत बसला होता.

"पूर्ण डबी?" त्याने विचारलं.

"पूर्ण डबी. आणि वर चिप्स."

"खोटारडी," क्लिफ म्हणाला.

त्याचं त्यालाच दचकायला झालं. कानापर्यंत रक्त चढलं होतं. त्याला राग आला होता, चांगला सणसणीत, पोटातून उठलेला. मी रजा काढून येतो, मी सूप भरवतो, आणि ही बया समुद्रावर जाऊन कोळंबी हाणते? आणि मग माझ्यासमोर डोळे मिटून पडते? त्याने साचा काउंटरवर आपटला.

"मला सांगितलं असतं तर मी बघितलं नसतं," तो म्हणाला. "पाठ करून बसलो असतो. पण सांगायला नको?"

"मला काय विचारतोस," बेव्ह म्हणाली. "तिला विचार."

त्याने कोट चढवला, जर्सीचा गळा ओढून सैल केला आणि निरोप न घेता बाहेर पडला. फाटकापाशी नेव्ह उभा होता. त्याने सवयीप्रमाणे अदबीने बाजूला होऊन वाट दिली. क्लिफला तो दिसलाही नाही. तो रस्त्याने मोठ्याने बोलत चालला होता. दोन वेळा हात उडवून थांबला, पुन्हा चालायला लागला. तो विचारत होता की बघण्यात काय पाप होतं, आणि ग्लेनिस सांगत होती की एवढंच बघायचं होतं तर आधीची अठ्ठावीस वर्षं कुठे बघत होतास, गिअरबॉक्समध्ये? यावरचं उत्तर शोधता शोधता तो बस स्टॉपच्या पुढे निघून गेला.